उद्यमनगरातला उतार

कोल्हापूरला माणूस जातो तो अंबाबाईच्या दर्शनाला, रंकाळ्यावर भटकायला, नाहीतर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ओढीने. मी गेल्या नवरात्रात गेलो तो यांपैकी एकाही कारणाने नव्हे. मला एका यंत्राच्या पूजेचे आमंत्रण होते. त्या यंत्राला माझ्यामुळे एक आख्खी रात्र जागरण घडणार आहे, हे निघताना ठाऊक असते, तर बहुधा मी पुण्यातच गुपचूप श्रीखंड खाऊन पडलो असतो.

आमंत्रण होते तात्यांचे. तात्यांची आणि माझी ओळख पन्नास वर्षांची. गणिताचा मास्तर म्हणून माझी पहिली नोकरी कोल्हापुरात झाली, आणि ती तीन वर्षे मी तात्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. तात्या तेव्हा तरणेबांड पॅटर्नमेकर होते. पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे घरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. कारण मलाही ते माडीवर राहायला जाईपर्यंत ठाऊक नव्हते. बिडाची कोणतीही ओतीव वस्तू करायची, तर आधी तिच्या आकाराची लाकडी प्रतिकृती करतात. ती वाळूत दाबतात, अलगद उचलतात, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. तात्या तो सागवानात असा कोरीत, की आमच्या मालकीणबाई, म्हणजे तात्यांच्या आई, म्हणत, 'हे घरात देव का करत न्हाई कुणास ठाऊक!'

या धंद्याची दोन गुपिते तात्यांनी मला तेव्हाच सांगितली होती. पहिले असे, की तात्यांची पोलादी पट्टी खोटी होती. अगदी मुद्दाम खोटी! बीड थंड होताना आकसते, शंभर मिलिमीटरला सुमारे एक मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकर तितक्याच लांबवलेल्या खुणांची पट्टी वापरतो. दुसरे गुपित उताराचे. पॅटर्नची कोणतीही उभी भिंत खरोखर उभी नसते. ती दीड-दोन अंशांनी कललेली असते. तसे नसेल, तर पॅटर्न वर उचलताना भिंत वाळूला घासते आणि साच्याची कड ढासळते. या कलण्याला फाउंड्रीत सगळे 'ड्राफ्ट' म्हणतात. चाळीस मिलिमीटर उंचीच्या भिंतीला दीड अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा कल. डोळ्याला दिसत नाही. पण वाळूला बरोबर कळतो.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. रुकडीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या फडांतून गाडी येऊ लागली, की झोपमोडीचा राग आपोआप जातो. स्टेशनवर तात्यांची नात स्कूटर घेऊन आली होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, चोवीस वर्षांची, केस घट्ट बांधलेली मुलगी. माझी पिशवी पायांशी ठेवून म्हणाली, "बसा की, मास्तरआजोबा. मी सावकाश चालवतो."

पुण्याच्या माणसाच्या कानाला या 'चालवतो'ने पहिल्यांदा ठेच लागते. कोल्हापुरात लेकीबाळी 'मी जातो, मी करतो' असेच बोलतात. तीन वर्षे राहूनही मी त्याला पूर्ण सरावलो नव्हतो. पण आता ते ऐकल्यावर घरी आल्यासारखे वाटले, हे खरे.

शिवाजी उद्यमनगर गावातच आहे. पुढे शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला मोठमोठ्या औद्योगिक वसाहती झाल्या, भट्ट्या तिकडे धडाडू लागल्या. पण उद्यमनगराच्या गल्ल्यांची चव त्यांना नाही. एका पत्र्याखाली लेथ, दुसऱ्याखाली ग्राइंडर, तिसऱ्याखाली गिअर कापण्याचे यंत्र, आणि मधल्या बोळात चहाची किटली घेऊन पळणारे पोर. काम अर्धे इथे होते, उरलेले समोरच्या दारात. कुणाचे यंत्र बिघडले, तर शेजारचा आपले काम टाकून येतो आणि आधी यथेच्छ शिव्या देऊन मग दुरुस्त करतो. या गावाला यंत्राचे वेड जुनेच. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून चलच्चित्रांचा कॅमेरा याच गावात बनवला, आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढली. विकत मिळत नाही ना, मग करू या, ही इथली रीत.

तात्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकले आणि मी थबकलो. सागवानाचा वास नाही! भिंतीवर रंधे आणि पटाशा ओळीने टांगलेल्या. पण मध्यभागी पांढऱ्या-करड्या रंगाचे, कपाटाएवढे बंद यंत्र. काचेच्या दारामागे पांढरट पाण्याचा फवारा, आणि फवाऱ्यात स्वतःशीच पुढेमागे होणारे टेबल. बाजूला पडदा, त्यावर आकडे धावताहेत. याला व्हीएमसी म्हणतात. बोली भाषेत नुसते 'सीएनसी'. कर्ज नातीच्या नावावर. तात्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत. त्याला हे दोघांचे खूळ वाटते.

"आता लाकूड कुणी मागत न्हाई, मास्तर," तात्या म्हणाले. "हजारोंनी नग काढायचे, तर अल्युमिनियमचा पॅटर्न पायजे म्हंत्यात. लाकूड झिजतंय." आणि मग यंत्राकडे न पाहता, "ह्याला वाळू काय ठावं?"

नात काही बोलली नाही. हे वाक्य तिने बरेचदा ऐकलेले दिसले.

या यंत्राच्या जन्माची कथा मी पूर्वी वाचली होती, ती मी जेवताना दोघांना ऐकवली. अमेरिकेत मिशिगनमध्ये पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती करीत. पात्याचा आकार कुठेच सरळ नाही. तेव्हा त्यांनी पंचकार्डांच्या हिशेबयंत्रावर त्या वळणावरचे बिंदू काढून घेतले, आणि मिलिंग यंत्राच्या प्रत्येक चाकापाशी एक माणूस उभा केला. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्यांनी तेवढे चाक फिरवायचे! त्यातून पुढे माणसांऐवजी मोटारींनीच चाके फिरवावीत अशी कल्पना निघाली, आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. तिरक्या आणि वळणदार पृष्ठभागांनीच या यंत्राला जन्माला घातले. सरळ कामासाठी माणसाचा हात पुरत होता.

"म्हंजे एक वाचणार, दुसरा फिरवणार," तात्या म्हणाले. "आणि चुकलं तर शिव्या कुणाला?"

हा प्रश्न चोवीस तासांत माझ्याच दारात येऊन बसणार होता.

काम असे होते. एका फाउंड्रीने तात्यांच्या नातीला पहिलाच अल्युमिनियमचा पॅटर्न दिला होता. माथ्यावर बारा मिलिमीटरची सपाट पट्टी, तिच्या एका अंगाला तीस अंशांचा उतार, दुसऱ्या अंगाला वीस अंशांचा, आणि खाली दीड अंश ड्राफ्टच्या भिंती. फाउंड्रीला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. पण नवमीला खंडेपूजा. पूजेनंतर दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत उद्यमनगरात यंत्राला कुणी हात लावत नाही. म्हणजे काम अष्टमीच्या रात्रीपर्यंत संपायला हवे. एरवी असल्या कामाचा प्रोग्राम संगणकावर चित्र काढून सॉफ्टवेअरच तयार करते, आणि ते काम ती एका बाहेरच्या मुलाकडून करवून घेई. तो सणाला गावी गेलेला.

"मग मीच लिहितो हातानं," ती म्हणाली.

ते लिहिणे मी पाहिले आणि, कबूल करतो, मोहून गेलो. आधी चपट्या कटरने ठोकळ्यात पायऱ्या काढायच्या. पंचगंगेचा घाट डोळ्यांपुढे आणा. उताराचे पहिले रूप तसेच. मग त्या पायऱ्या गोल टोकाच्या कटरने घासून उतार गुळगुळीत करायचा. या कटरला बॉलनोज म्हणतात, टोक गोटीसारखे. तिचा कटर दहा मिलिमीटर व्यासाचा. गोल टोक प्रत्येक फेरीत एक उथळ सरी पाडते आणि दोन सऱ्यांमध्ये बारीक वरंबा उरतो. फेऱ्यांमधले अंतर उतारावर एक मिलिमीटर ठेवले, तर वरंबा ०.०२५ मिलिमीटर. अंतर अर्धे केले, तर वरंबा अर्धा नव्हे, चौथाई होतो! वेळ मात्र दुप्पट. या एका हिशेबावर कारखान्यांची कमाई ठरते, असे ती म्हणाली.

आणि हे सारे यंत्राला सांगायला पाच-सात ओळी पुरतात. 'क्ष' अर्धा मिलिमीटर पुढे घे. अर्ध्याला तीस अंशांच्या टॅनने गुणून, म्हणजे ०.२८९, तितके खाली उतर, आडवा लांब जा, पुन्हा तेच, उतार संपेपर्यंत. बस्स! तीस वर्षे मी पोरांच्या डोक्यात टॅन कोंबला, आणि 'सर, याचा उपयोग काय?' या प्रश्नावर दीपगृह आणि होडी यांपलीकडे गेलो नाही. इथे एक पोरगी त्याच टॅनने धातू कापत होती.

तिने वही माझ्यापुढे धरली. "बघा बरं, मास्तरआजोबा, बरोबर हाय का."

मी त्रिकोण पाहिला, गुणाकार पाहिले, सवयीने खिशातले तांबडे पेन काढले.

"एक शंका हाय," ती म्हणाली. "कटरचं टोक गोल हाय न्हवं? मग उतारावर ते टोकानं कापतंय का अंगानं? त्याला काही येगळं धरायचं का?"

आता पाहा. प्रश्न अचूक होता. मला तो समजायला दोन मिनिटे शांत बसावे लागले असते. पण बसलेल्या मास्तरापेक्षा उत्तर देणारा मास्तर मोठा दिसतो. मी म्हणालो, "टोक म्हणजे बिंदू. बिंदू रेषेवरून गेला की झाले. गोल असो की चौकोनी." आणि वहीवर तांबडी बरोबरची खूण केली.

ती क्षणभर थांबली. मग 'बरं' म्हणाली आणि यंत्राकडे गेली. पुढे खूप वेळा मला ते 'बरं' आठवले.

अष्टमीच्या दुपारी तीस अंशांचा उतार कापून झाला. अर्धा तास लागला. फवारा थांबला, दार सरकले, आणि ओला, चकचकीत उतार असा दिसला, की मी टाळीच वाजवली. तिने बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला, मागे टॉर्च धरला. प्रकाशाची रेघसुद्धा आत शिरेना. तीस अंश म्हणजे तीस अंश! मी तात्यांकडे विजयी मुद्रेने पाहिले.

तात्या जवळ आले. चष्मा लावला नाही. उजव्या हाताचा अंगठा माथ्यावरच्या सपाट पट्टीवर आडवा ठेवला, आणि तिथेच ठेवून उभे राहिले.

"माथा बारीक झालाय," ते म्हणाले.

व्हर्नियर आला. बाराऐवजी साडेदहाच्या किंचित वर. १०.६६. शेडमध्ये कुणी काही बोलेना. बाहेर कुणाच्या तरी लेथचा सूर तेवढा चालू होता.

मी वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो, आणि सकाळी जे दोन मिनिटांत करायचे होते ते आता केले. गोटी उतरत्या फळीवर ठेवून पाहा. ती आपल्या खालच्या टोकावर टेकत नाही. फळीच्या चढाकडच्या बाजूला, अंगाने टेकते. टोक फळीच्या वर अधांतरी असते. किती वर? त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने भागा आणि त्यातून त्रिज्या वजा करा. पाच मिलिमीटर त्रिज्या, तीस अंश: ०.७७ मिलिमीटर. म्हणजे कटरचे टोक नकाशातल्या रेषेवरून चालवू नये, तितके वरून चालवावे. आम्ही ते रेषेवरूनच चालवले, आणि कटरच्या अंगाने सगळा उतार पाऊण मिलिमीटर खाली ढकलला. उतार उताराला समांतरच राहिला. म्हणून कोन बरोबर, आणि बाकी सगळे चूक! ओतलेल्या वस्तूची जाडी तेवढी कमी भरली असती, आणि पहिल्याच कामाला फाउंड्रीने पॅटर्न परत पाठवला असता. दुसरा ठोकळा आणायचा, तर सणात दुकान बंद.

मी उठून म्हणालो, "चूक माझी आहे. तिने विचारले होते."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी नातीला विचारले, "खाली माल किती ठेवलाय?"

"पाच मिलिमीटर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

याचा उलगडा मला नंतर झाला. ठोकळा मागवताना पाच मिलिमीटर जास्त जाडीचा मागवावा, असा तात्यांनी हट्ट धरला होता. अल्युमिनियम किलोवर मिळते, ते वाया कशाला घालवायचे, म्हणून दोघांचे चार दिवस वाजले होते. लाकडात तात्या असेच करीत. तळ सगळ्यात शेवटी. आता वरचा उतार पाऊण मिलिमीटर खाली गेलाच आहे, तर माथाही तेवढाच खाली घ्यावा, तळही तेवढाच खाली धरावा, म्हणजे सगळा पॅटर्नच ठोकळ्यात ०.७७ने खाली बसेल! यंत्राला त्यासाठी नवा प्रोग्रामही नको. 'शून्य कुठे आहे' हा एक आकडा बदलला, की झाले. ती म्हणाली, "शून्यच खाली घेतो," आणि बटणे दाबू लागली.

माथा पुन्हा सपाट केला. व्हर्नियर लावला. बारा.

मात्र दुसऱ्या उताराला ही युक्ती चालणार नव्हती. तो वीस अंशांचा, आणि गोटीचा फरक कोनाप्रमाणे बदलतो. पूजेच्या सामानाची यादी टेबलावर होती. तिच्या पाठीवर मी तो हिशेब तीनदा केला. ०.३२. मी तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "तू स्वतः करून बघ. माझ्यावर विसंबू नकोस." तिने केला. ०.३२ आले. मग तिने प्रोग्राममध्ये ती एक ओळ घातली. तांबडे पेन मी पिशवीच्या तळाशी घातले होते.

त्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. घरची सगळी मंडळी पालखी पाहायला गेली. शेडमध्ये आम्ही तिघे. भिंतींना चपटा कटर चालला. इतक्या उभ्या चढाला गोल टोक लागत नाही. दर अर्ध्या मिलिमीटरला भिंत जेमतेम ०.०१३ने सरकायची. तात्या काचेपाशी खुर्ची टाकून बसले होते. मधेच म्हणाले, "ह्या पायऱ्या आडव्या हाईत. वाळू उभी सुटती. आडव्या खुणा तिला धरून ठेवतील."

नात म्हणाली, "मग काय करू?"

"तू काही करू नको. ते मी करतो."

पहाटे तीनला तळ कापून झाला. यंत्र थांबले आणि कानांना एकदम मोकळे वाटले. तात्यांनी पॅटर्न मांडीवर घेतला, लाकडाच्या ठोकळीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला, आणि खालून वर, खालून वर, पॅटर्न ज्या दिशेने वाळूतून निघणार त्याच दिशेने, एकेक भिंत घासायला लागले. नात शेजारी जमिनीवर बसून पाहत होती. थोड्या वेळाने तिने न बोलता दुसरी ठोकळी घेतली आणि पलीकडची बाजू धरली. तात्यांनी एकदा तिच्या मनगटाला हात लावून दाब कमी करायला लावला. मला कुणी काम दिले नाही, आणि ते योग्यच होते. मी तिघांचा चहा केला.

सकाळी यंत्राला झेंडूचे तोरण चढले. हळदकुंकू पडद्याच्या कडेला लावले, कारण पडद्यावर लावले तर आकडे दिसत नाहीत, असे नातीने आईला बजावले. भिंतीवरून रंधे आणि पटाशा उतरवून यंत्राच्या टेबलावरच मांडल्या होत्या. ते कुणी सुचवले, मी विचारले नाही. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटले, आणि रात्रीच्या गाडीने निघालो. तात्या स्टेशनवर आले नाहीत. झोपले होते.

आठवडाभराने फोन आला. नातीचा. पॅटर्न वाळूतून स्वच्छ निघाला, कड मोडली नाही, आणि फाउंड्रीने दुसरा नकाशा पाठवला होता.

"ह्यात उतार न्हाई, मास्तरआजोबा," ती म्हणाली. "नुसती गोलाई हाय. कोन जागोजागी बदलतोय."

मी म्हणालो, "तो सॉफ्टवेअरवाला मुलगा गावाहून आला असेल ना आता?"

"आलाय की. त्यानं करून बी दिलाय," ती म्हणाली. "पण मी आधी हातानं दोन-चार बिंदू काढून बघतो. तुमी बी काढा. मग ताडून बघू."

मी वही उघडून बसलो आहे. सौभाग्यवती विचारते आहे, दिवाळीचे आकाशकंदील कधी लावणार?